व्यसनमुक्ती केंद्रात जुन्या आघातावर काम कधी आणि कसं सुरू करावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट विचारला तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळं मांडते.

निवासी केंद्र, 30 दिवसांचा कार्यक्रम. बहुतेक पेशंट दारूचे, थोडे ब्राउन शुगरचे (भेसळीचं हेरॉइन). वेळापत्रक नेहमीचंच: सकाळी प्रार्थना, योगासनं, शवासन, मग ग्रुप, दुपारी माहितीचं सत्र, संध्याकाळी शेअरिंग. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने आपली जीवनकथा लिहून ग्रुपमध्ये वाचायची. बऱ्याच जणांना त्याचा उपयोग होतो. पण काही जण तिथे पहिल्यांदाच लहानपणीचा लैंगिक अत्याचार, बापाचा मार, डोळ्यांदेखत झालेला अपघात असलं काही सांगतात. सगळे गहिवरतात, टाळ्या होतात, "मन मोकळं झालं" असं म्हटलं जातं. त्याच रात्री त्या माणसाची झोप उडते. दुसऱ्या दिवशी जेवत नाही, तिसऱ्या दिवशी "मला घरी सोडा" सुरू होतं. घरी गेल्यावर काही जण आठवड्याच्या आत पितात.

तर विचारायचं असं, की आघातावरचं काम नेमकं कधी करायचं? डिटॉक्स (शरीरातून नशा उतरवण्याचा काळ) संपलं की लगेच, की "आधी वर्षभर सोबर राहा, मग बघू" हेच बरोबर? विड्रॉवलमधली (नशा थांबल्यावरच्या त्रासातली) बेचैनी आणि पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार) वरून सारखंच दिसतं, ते वेगळं कसं काढायचं? एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या समुपदेशकाने यातलं किती करावं आणि कुठे थांबावं? आणि रात्री दोन वाजता एखादा पेशंट घामाघूम होऊन किंचाळत उठला, तर रात्रपाळीच्या माणसाने काय करायचं?

---

कडुलिंब

मनोविकारतज्ज्ञाच्या बाजूने लिहितो. मानसोपचाराचं इतर कुणीतरी लिहीलच.

पहिले दहा दिवस शरीराचे. नियमित पिणाऱ्याचा शेवटचा पेग झाल्यावर 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ सुरू होते. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या 48 तासांत असतो. भ्रम, भास, दिवस-रात्रीचं भान सुटणं हे तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास दिसतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. या काळात "लहानपणी काय झालं?" हा प्रश्न विचारूच नये. मिळालेल्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही आणि पेशंटला ते झेपत नाही.

डिटॉक्समध्ये क्लोरडायझेपॉक्साइड (विड्रॉवल शांत करणारी गोळी) साधारण 5 ते 7 दिवसांत उतरवत बंद करतात. लिव्हर खराब असेल तर त्याच गटातलं लोराझेपाम. थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी किंवा निदान सोबत जायला हवं, आणि सुरुवातीला इंजेक्शननेच, कारण पिऊन पिऊन खराब झालेल्या आतड्यातून गोळी नीट शोषली जात नाही. हे चुकलं तर मेंदूला कायमची इजा होते, आणि मग पेशंटला कालचंच आठवत नाही तिथे जुन्या आठवणींवर काम कसलं करणार?

आता दोन्ही विषय जिथे एकमेकांत अडकतात ते सांगतो. दारू स्वप्नांची झोप दाबून ठेवते. दारू थांबली की दाबलेली स्वप्नं दुप्पट जोराने येतात. ज्याच्या मागे जुना आघात आहे त्याच्या स्वप्नात तोच प्रसंग येतो. पेशंटचा हिशोब साधा असतो: पीत होतो तेव्हा झोप लागत होती, सोडली आणि डोकं फिरायला लागलं. म्हणून पाचव्या दिवशीच सांगून ठेवा, "पुढचे काही आठवडे स्वप्नं वाढतील. ती दारू सुटल्याची खूण आहे, आजार वाढल्याची नाही." आधी सांगितलेलं आणि नंतर घडलेलं यात जो विश्वास तयार होतो, तो कुठल्याही गोळीने होत नाही.

ओळखण्याबद्दल. दचकणं, चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं ही चारही लक्षणं विड्रॉवलमध्ये असतात. त्यांवरून पीटीएसडी म्हणू नका. वेगळेपण दोन ठिकाणी सापडतं. एक म्हणजे ठरावीक प्रसंगाला चिकटलेल्या आठवणी, ज्या "आठवतात" असं नसून पुन्हा घडल्यासारख्या अंगावर येतात. दुसरं म्हणजे टाळणं: तो रस्ता, तो नातेवाईक, तो वास, ते गाव. विड्रॉवलची बेचैनी दोन आठवड्यांत ओसरत जाते, या दोन गोष्टी ओसरत नाहीत. म्हणून चाळणी (प्राथमिक तपासणी) दहाव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान करावी. पीसी-पीटीएसडी-5 ही पाच प्रश्नांची प्रश्नावली पुरते. उत्तरं हो-नाहीत द्यायची, तीन किंवा जास्त 'हो' आले तर पुढे तपासायचं. मग 20 प्रश्नांची पीसीएल-5, एकूण गुण 80, आणि 31 ते 33 च्या वर गेलं तर तज्ज्ञाकडे. दोन्हींत प्रसंगाचा तपशील सांगावा लागत नाही. "असं काही घडलंय का" एवढंच पुरतं, आणि हे पेशंटला आधी सांगा.

औषधांचं थोडक्यात. सर्ट्रालिनसारख्या नैराश्यविरोधी गोळीला परिणाम दिसायला 4 ते 6 आठवडे लागतात, तेव्हा दहा दिवसांत "फरक नाही" म्हणून ती बंद करू नये. वाईट स्वप्नांसाठी काही डॉक्टर प्राझोसिन देतात. त्याचे अभ्यास उलटसुलट आहेत, काहींना मात्र चांगला आराम पडतो. पहिला डोस 1 मिलिग्रॅम, झोपताना, आणि रात्री लघवीला उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, नाहीतर बीपी एकदम खाली येऊन माणूस बाथरूममध्ये कोसळतो. डिटॉक्स संपल्यावर अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशी झोपेची, शांत करणारी औषधं चालू ठेवू नयेत. आघाताच्या लक्षणांवर ती चालत नाहीत, मानसोपचाराचा परिणाम बोथट करतात आणि दुसरं व्यसन लावतात. डिस्चार्जच्या दिवशी पिशवीत उरलेली स्ट्रिप आहे का, ते बघा.

आणि डायसल्फिराम (दारूसोबत गेलं की तीव्र त्रास देणारं औषध) पेशंटला न सांगता भाजीत, चहात घालायला घरच्यांना कुणी सांगत असेल तर त्याला तिथेच थांबवा. त्यावर दारू प्यायली तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. शिवाय ज्याला लहानपणी घरातल्याच माणसाने फसवलं, त्याला पुन्हा घरच्या ताटातून फसवायचं, मग तो थेरपिस्टवर विश्वास ठेवेल कशाला?

---

मुचकुंद

कडुलिंब यांनी पाया घातलाय, त्यावर बांधतो. मी क्लिनिकल सायकॉलॉजीतला.

आधी रात्री दोन वाजताचं, कारण ते उद्यापासून लागू करता येईल.

दिवा लावा, पण डोळ्यांवर येईल असा नको. पलंगापासून हातभर लांब, बाजूला उभे राहा. समोर उभं राहून वाट अडवू नका, वरून वाकू नका. खांद्याला हात लावून हलवू नका. नावाने हाक मारा, स्वतःचं नाव सांगा: "सुरेशराव, मी रात्रपाळीचा अमुक. आज मंगळवार. तुम्ही केंद्रात आहात. दार उघडं आहे." मग पाय खाली सोडायला सांगा, अनवाणी, फरशीवर. फरशी गार आहे की कोमट, गुळगुळीत की खडबडीत, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. स्टीलच्या पेल्यात गार पाणी द्या आणि पेला दोन्ही हातांत धरायला लावा. खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तू मोजायला सांगा, मग ऐकू येणारे तीन आवाज: पंखा, कुत्रं, कुणाचं तरी घोरणं. हे सगळं डोळे उघडे ठेवून. स्वप्नात काय दिसलं हे त्या वेळी विचारू नका. पाचेक मिनिटांत श्वास जागेवर येतो. मग थोडं चालवून आणा, हवं तर दिव्याखाली बसू द्या, आणि नोंदवहीत वेळ आणि काय उपयोगी पडलं तेवढं लिहा. रात्रपाळीला हे शिकवायला एक दुपार पुरते. दोघांनी एकमेकांवर सराव करायचा, भिंतीवर तक्ता लावून हे येत नाही.

आता शवासन. डोळे मिटून, उताणं, दहा-पंधरा माणसांच्या मधे, पायाशी कुणीतरी फिरतंय. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या माणसासाठी ही आराम करायची जागा नाही. तो पडून राहतो, कारण "सगळे करतात", आणि आतून गोठतो. ओंकार, ध्यान, प्राणायामाचंही तेच. बंद करायची गरज नाही. फक्त पर्याय द्या: भिंतीला पाठ टेकून बसा, नजर समोर फरशीवर ठेवा, वाटेल तेव्हा उठून दाराशी जा. शिक्षकाने अंगाला हात लावून आसन सुधारायचं नाही. इंजेक्शनआधीचा स्पिरिटचा बोळा आणि हातावरचं सॅनिटायझर यांच्या वासाकडेही लक्ष असू द्या. एकाच वासाने तलफ आणि जुनी आठवण दोन्ही जाग्या होऊ शकतात.

जीवनकथा. ती काढून टाकू नका, पण तिचा आराखडा बदला. ग्रुपमध्ये फक्त व्यसनाची कथा: पहिला घोट, वाढ, नुकसान, इथवर कसा आलो. आयुष्यातल्या जड प्रसंगांना फक्त मथळा द्यायचा, बातमी लिहायची नाही. "वय 9, घरात वाईट प्रकार घडला", बस. वाचण्याआधी समुपदेशकाने कागद एकदा नजरेखालून घालायचा. कुणी ग्रुपमध्ये तपशिलात शिरायला लागला तर मधेच थांबवणं हा त्याचा अपमान ठरत नाही. "हे फार महत्त्वाचं आहे, म्हणूनच इथे घाईने नको. उद्या 11 वाजता आपण दोघं बसू", आणि उद्या 11 वाजता खरंच बसा. ती वेळ चुकली तर पुढचं सगळं चुकलं. टाळ्यांचं मात्र बंदच करा. खपली निघाल्यावर टाळ्या कसल्या?

रात्री झोप का उडते? आठवण उघडली, पण ती पूर्ण हाताळून बंद करायला ना वेळ होता ना कुणी प्रशिक्षित माणूस. भर थिएटरात पोट उघडून सर्जन चहाला गेला, अशातला प्रकार. एकाच बैठकीत सगळं बोलून मोकळं करण्याच्या पद्धतीने पीटीएसडी टळत नाही, हे अभ्यासांतून बऱ्याच आधी दिसलंय.

कधी, याचं उत्तर. "आधी वर्षभर सोबर राहा" हा जुना नियम आता धरला जात नाही. कारण सोपं आहे: ज्या आठवणी दाबायला माणूस पितो, त्या तशाच ठेवून वर्षभर पिऊ नको म्हणणं म्हणजे बादलीचं भोक न बुजवता पाणी भरणं. ऑस्ट्रेलियात 103 लोकांवर झालेला, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात व्यसन आणि पीटीएसडी यांवर एकत्र, 90-90 मिनिटांच्या 13 बैठका होत्या, आणि पूर्ण बंद केल्याशिवाय प्रवेश नाही अशी अट नव्हती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांची आघाताची लक्षणं जास्त कमी झाली, आणि आठवणींवर काम केल्यामुळे व्यसन वाढलं असं दिसलं नाही.

पण याचा अर्थ चौथ्या दिवशी सुरू करा असा नाही. 30 दिवसांत जे बसतं ते पहिल्या टप्प्याचं काम: सुरक्षितता, झोप, तलफ आणि फ्लॅशबॅक (जुना प्रसंग आत्ता घडतोय असं वाटणं) ओळखणं, वर रात्रीच्या प्रसंगात सांगितलेलं जमिनीवर येणं, म्हणजे मन वर्तमानात परत आणणं, "नाही" म्हणायला शिकणं, मदत मागायला शिकणं. हे समुपदेशकाने करायचं, आणि चांगलं करायचं. याच धर्तीवरचा 'सीकिंग सेफ्टी' हा 25 विषयांचा कार्यक्रम आहे. तो मुद्दाम भूतकाळाच्या तपशिलात जात नाही. ग्रुपमध्ये घेता येतो आणि विषयांचा क्रमही बदलता येतो.

आठवणींवरचं प्रत्यक्ष काम, म्हणजे प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणी आणि गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवण हाताळणं), आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्याची थेरपी), हे डिस्चार्जनंतर बाह्यरुग्ण म्हणून, आठवड्याला एक-दोन बैठका, त्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे. आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा. "ईएमडीआर करतो" म्हणणाऱ्याला प्रशिक्षण कुठे, किती टप्पे, सुपरव्हिजन कुणाचं, हे सरळ विचारा. विचारल्यावर चिडला तर उत्तर मिळालं.

सुरू करण्याआधी मी चार गोष्टी बघतो. डिटॉक्स पूर्ण. गेल्या काही आठवड्यांत आत्महत्येचा प्रयत्न नाही. आघात करणारी व्यक्ती आता त्याच घरात नाही. आणि फ्लॅशबॅक आला तर माणूस स्वतः जमिनीवर येऊ शकतो. बैठकीच्या दिवशी पिऊन आला तर त्या दिवशी आठवणीला हात लावायचा नाही, पण हाकलायचंही नाही. काय झालं, कुठल्या क्षणी हात बाटलीकडे गेला, यावर बोलायचं.

---

शिलेदार

बारा पायऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण महाराष्ट्रातल्या बऱ्याच केंद्रांत बाहेर पडल्यावर एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, बारा पायऱ्यांवर चालणारा दारू सोडणाऱ्यांचा गट) हाच आधार असतो आणि इथे एक बारीक पण वाईट चूक होते.

चौथी पायरी म्हणजे स्वतःचा निर्भीड लेखाजोखा. रकाने असतात: कुणाचा राग, का, त्यात माझा भाग काय. आठव्या वर्षी काकाने अत्याचार केलेला माणूस हा रकाना भरायला बसतो आणि "माझा भाग" खाली लिहितो: मी ओरडलो नाही, मी परत त्या खोलीत गेलो. स्पॉन्सर (एएमधला वाट दाखवणारा जुना सदस्य) मान डोलावतो, कारण इतर सगळ्या रागांना तो रकाना लागू पडतो. त्या दिवशी तो माणूस लहानपणीची लाज सही-शिक्क्यासह घरी घेऊन जातो. अत्याचाराच्या ओळीसमोर "माझा भाग" हा रकाना रिकामा राहतो, हे स्पॉन्सरने आधीच सांगायला हवं. नंतर त्या रागापायी मी बायको-मुलांशी काय केलं, ती वेगळी ओळ. तिथे रकाना भरायचा.

नववी पायरी भरपाईची. "ज्याने मारलं त्याच्याकडे जाऊन मन साफ करून ये" असं सांगणारे भेटतात. पायरीतच म्हटलंय की कुणाला इजा होणार असेल तिथे भरपाई करायची नाही, आणि त्या 'कुणाला'मध्ये आपणही येतो.

आणखी एक. स्पॉन्सर हा थेरपिस्ट नव्हे. रात्री अकराला फोन उचलणं, मीटिंगला सोबत जाणं, चहा पाजणं ही त्याची कामं. पाचव्या पायरीत, म्हणजे तो लेखाजोखा दुसऱ्यासमोर मांडताना, आघाताचा तपशील थेरपिस्टसमोर सांगितला तर पायरी मोडत नाही.

---

टकमक

एक उलटी बाजू मांडतो. सगळ्यालाच ट्रॉमा म्हणायची सध्या टूम आहे. बापाने दहावीत दोन थोबाडीत दिल्या, प्रेमभंग झाला, बढती हुकली, सगळं ट्रॉमा. पेशंटला पिण्यासाठी एक सुशिक्षित कारण मिळतं आणि समुपदेशकाला वाटतं की मुळाशी पोहोचलो. बऱ्याच जणांच्या व्यसनामागे आघात नसतो. सवय असते, जनुकं असतात, कामावरची संगत असते, पगाराच्या दिवशी वाटेत लागणारा बार असतो. त्याला आघात शोधायला बसवलं तर तो शोधून देतो, कारण समोरच्याला तेच हवंय हे त्याला कळतं. मी चाळणीच्या बाजूचा आहे, उत्खननाच्या नाही.

---

मुचकुंद

टकमक, अगदी मान्य. दुःख आणि आघात वेगळे. ज्यात जीवाला, शरीराला गंभीर धोका होता किंवा भयंकर असं काही घडलं, आणि त्यानंतर तीन गोष्टी राहिल्या: प्रसंग आत्ता घडल्यासारखा परत येतो, त्याची आठवण करून देणारं टाळलं जातं, आणि धोका अजून संपलेला नाही असं शरीर वागतं. तेव्हाच पीटीएसडी म्हणायचं. प्रेमभंगाने माणूस मोडतो, पण त्याचा उपचार वेगळा. मात्र "त्यात काय, आम्हीपण मार खाल्लाय" हे वाक्य कुणीच पेशंटसमोर म्हणू नये. किती थोबाडीत आणि कशाने, हे आपल्याला माहीत नसतं.

हेही खरं, की लहानपणीचे आघात आणि व्यसन यांचा संबंध काल्पनिक नाही. अमेरिकेत सॅन डिएगोला सतरा हजारांवर प्रौढांची पाहणी झाली, तिचे पहिले निष्कर्ष 1998 मध्ये आले. बालपणीचे चार किंवा जास्त वाईट अनुभव असणाऱ्यांमध्ये दारूचं व्यसन, ड्रग्ज, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका, असे अनुभव नसलेल्यांच्या मानाने चार ते बारा पट दिसला. धोका वाढतो, याचा अर्थ प्रत्येकात तो सापडेलच असा नाही. म्हणून चाळणी सगळ्यांची, उपचार लागेल त्याचाच.

---

अबोली

बायकांचं आणि घरच्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

पिणारी स्त्री केंद्रात आली की पहिला प्रश्न "कधी घडलं" हा नसावा. "अजून घडतंय का" हा असावा. नवरा आजही मारत असेल तर तिचं दचकणं हा आजार नाही, ती योग्य सावधगिरी आहे. ती थेरपीने काढून टाकली तर तिचंच नुकसान. आधी सुरक्षेची योजना: कुठे जायचं, कागदपत्रं कुणाकडे ठेवायची, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ आहे का, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं का. हा प्रश्न नवऱ्याला बाहेर बसवून विचारायचा. ॲडमिशनचा फॉर्म भरताना तोच सगळी उत्तरं देत असेल तर तीही एक नोंद आहे.

पेशंट 18 च्या आतला असेल आणि लैंगिक अत्याचार सांगणार असेल तर पॉक्सो या मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. म्हणून "इथलं इथेच राहील" असं सरसकट वचन देऊ नका. काय गुप्त राहील आणि काय राहू शकत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. नंतर सांगितलं तर ती फसवणूकच वाटते.

घरच्यांना तपशील देऊ नका. फॅमिली मीटिंगमध्ये आई विचारतेच, "नक्की काय झालं होतं?" तिला एवढं पुरतं: "जुना एक प्रसंग आहे, उपचार चालू आहेत. तुम्ही विचारू नका, तो सांगेल तेव्हा ऐका." आणि खेड्यातलं घर असेल तर फवारणीचं औषध घरातून हलवायला सांगा, शेजाऱ्याकडे किंवा कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. पिणं आणि आघात एकत्र असला की आत्महत्येचा धोका वाढतो, आणि वाईट क्षण बहुतेकदा थोडाच वेळ टिकतो. तेवढा वेळ हाताशी काही नसलं की माणूस वाचू शकतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 पेशंटच्या आणि घरच्यांच्या, दोन्ही फोनमध्ये सेव्ह करून द्या, रात्रीही उचलला जातो.

शेवटी केंद्राचंच. गाडी पाठवून झोपेतून उचलून आणणं, बांधून ठेवणं, मारणं, "शिस्त" म्हणून उपाशी ठेवणं. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि ड्रग्जच्या दुरुपयोगातून येणाऱ्या मानसिक अवस्थांनाही लागू आहे. साखळीने बांधायला त्यात सरळ बंदी आहे, आणि तक्रार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे करता येते. जिथे रात्री काठी आपटत फेरी मारली जाते तिथे सकाळी ट्रॉमाचं सत्र घेऊन काही होत नाही.

---

रानजाई

सगळ्यांचे आभार. शवासनाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. दोन उपप्रश्न. ब्राउन शुगरवाल्यांचं काही वेगळं आहे का? आणि मुचकुंद, एक्स्पोजरमध्ये समुपदेशकाचा हातभार कितपत लागतो?

---

कडुलिंब

ब्राउन शुगरचं वेगळं आहे. अफूजन्य पदार्थ वेदना आणि भावना दोन्ही बधिर करतात. बंद केल्यावर सगळं एकदम जागं होतं, अगदी महिना-दोन महिने. ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन (तलफ आणि विड्रॉवल आवरणारी गोळी) चालू असेल तर आघाताचं काम सुरू करताना ते बंद करू नका. "भावना मोकळ्या व्हायला हव्यात म्हणून गोळी थांबवा" हा सल्ला जीवघेणा आहे. महिनाभर बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबतो. नॅलट्रेक्सोन (अफूजन्य नशेचा परिणाम रोखणारं औषध) द्यायचं तर आधी 7 ते 10 दिवस अफूजन्य काहीही शरीरात जायला नको, आणि लिव्हरची तपासणी हवी.

---

मुचकुंद

हातभार बराच लागतो, शिडीच्या कामात, म्हणजे टाळलेल्या गोष्टींना पायरी-पायरीने सामोरं जाण्यात. समजा अपघातानंतर गाडी चालवणं सुटलेला आणि पिणं वाढलेला ट्रक ड्रायव्हर आहे. टाळलेल्या गोष्टींना तो स्वतः 0 ते 100 गुण देतो. बंद ट्रकच्या केबिनमध्ये शेजारच्या सीटवर बसणं 30. स्टिअरिंगमागे बसणं, इंजिन बंद, 45. इंजिन चालू, गाडी जागेवर, 55. मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये दोन फेऱ्या, सोबत कुणीतरी, 65. दिवसा हायवे, 80. तोच घाट, 95. सुरुवात 30-40 च्या पायरीपासून. एका पायरीवर निदान 30 ते 45 मिनिटं थांबायचं, किंवा भीती निम्म्यावर येईपर्यंत. भीती शिगेला असताना उतरून पळ काढला तर शरीर उलटाच धडा शिकतं, की पळालो म्हणून वाचलो. तीच पायरी आठवड्यात चार-पाच वेळा, मग पुढची. सोबत जाणं, वेळ मोजणं, आकडे लिहिणं हे समुपदेशक किंवा भाऊ करू शकतो.

दोन अटी. पायरीच्या आधी किंवा नंतर "हिंमत यावी म्हणून" एक घोट चालणार नाही, नाहीतर श्रेय दारूला जातं आणि भीती आहे तिथेच राहते. आणि परतीच्या वाटेवर बार असेल तर वाट बदलून ठेवा. पायरी जमल्यावरचा तासभर तलफेचा असतो, तेव्हा त्या तासासाठी जेवण, मीटिंग किंवा कुणाला तरी फोन हे आधीच ठरवलेलं असावं.

आठवण प्रत्यक्ष सांगण्याच्या बैठका मात्र थेरपिस्टच्याच. त्यात बोललेलं रेकॉर्ड करून पेशंटने रोज ऐकायचं असतं, आणि आपल्याकडे घोळ नेमका इथे होतो. घरात फोन एक, तो मुलांच्या हातात, गॅलरी सगळ्यांना उघडी. रेकॉर्डिंग पेशंटच्या फोनवर ठेवूच नका. साधा व्हॉइस रेकॉर्डर घ्या, तो केंद्राच्या कपाटात ठेवा, आणि फॉलोअपला आला की रिकाम्या खोलीत इअरफोन लावून ऐकू द्या. रोज येणं जमत नसेल तर आठवड्यातून तीनदा तरी.